चौकोनातला ‘पा’

२०१८ साली आई आमच्याकडे सहा महिने राहून गेली. ती गेल्यावर एका रविवारी फ्रिजवरचं कालनिर्णय उतरवायला घेतलं, तर मार्च ते सप्टेंबरच्या पानांवर बारीक पेन्सिलीने जागोजागी ‘पा’ लिहिलेला. गावी ज्या चौकोनांत ती दुधाचा ‘१’ आणि ‘१॥’ मांडते, त्याच चौकोनांत. पा म्हणजे पाऊस. उभ्या उभ्या मोजले, ६३ भरले. एकाही महिन्याचं पान कोरं नव्हतं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैपासून जवळ. मी नवऱ्याच्या नोकरीपायी नॉर्थ कॅरोलायनात, वेक काउंटीतल्या कॅरीत येऊन पडले. आई मैत्रिणींना सांगते, “लेक कैरीला असते.” मी दुरुस्त करणं कधीच सोडलं. काउंटी म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्यासारखी. राज्याची राजधानी रॉली हिच्यातच. आईला इथे आणायचं ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “तुमच्याकडे पावसाळा कधी? पावसात नको यायला.” मी फोनवर गप्प झाले. नऊ वर्षं राहूनही उत्तर माहीत नव्हतं. नवरा मागून म्हणाला, “सांग त्यांना, कधीही या.”

ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. विमानतळावरून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रॅडफर्ड पेअरची झाडं पांढरीशुभ्र फुललेली. आई खूश. सिग्नलला काच खाली केली आणि नाकाला पदर लावला. “अगो, इथे हर्णै बंदर कुठून आलं?” खरंच, त्या देखण्या फुलांना सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. लग्नातल्या मांडवासारखं झाड आणि वास सुकटीच्या टोपलीचा. इथले लोकही त्या झाडाला शिव्याच घालतात, पण कधीकाळी हौसेने लावून बसलेत.

एप्रिल उजाडला तसे आईचे हात शिवशिवायला लागले. एप्रिलमध्ये ऊन आहे आणि वाळवण नाही, हे तिच्या हिशेबात बसेना. भारतीय दुकानातून साबुदाणा आणला, बटाटे उकडले, आणि एका सकाळी मागच्या डेकवर जुनी चादर अंथरून तिने साबुदाण्याच्या चकल्या घातल्या. काटेरी, एकसारख्या, गोल. दोनशेच्या आसपास असतील. मी ऑफिसला गेले होते. दुपारी तिचा फोन आला, आवाज पडलेला. “हळद कुणी टाकली गं यांच्यावर?”

मी कपाळावर हात मारला. सांगायलाच विसरले होते. इथे सगळीकडे लॉब्लॉली पाइन, उंच, सरळ, खांबांसारखे. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत हे पाइन पराग सोडतात, आणि सोडतात म्हणजे किती? गाडी रात्रभर बाहेर उभी केली की सकाळी तिचा रंग ओळखू येत नाही. काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. पाऊस पडून गेला की गटारांच्या कडेने पिवळी रांगोळी उरते. आईच्या चकल्यांवर, चादरीवर, डेकच्या कठड्यावर, तिच्या चष्म्यावरही तीच पिवळी धूळ. गंमत म्हणजे लोक शिंकतात त्याला हा बिचारा पाइन फारसा जबाबदार नसतो. त्याचे कण मोठे आणि जड. डोळ्यांना दिसतात म्हणून आळ त्याच्यावर. खरी खोडी ओकसारख्या झाडांची, ज्यांचे पराग नजरेलाही येत नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असंच असतं. जो दिसतो तो चोर.”

चकल्या तिने टाकल्या नाहीत. एकेक उचलून मऊ ब्रशने झटकल्या. पण पराग जाऊनही त्या वाळेनात, कारण दुसऱ्या दिवशी पाऊस आला, चौथ्या दिवशी पुन्हा. शेवटी ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवल्या. त्या आठवड्याच्या चौकोनांत तीन ‘पा’ आहेत, आणि एका ‘पा’भोवती पेन्सिल जरा जास्तच दाबलेली आहे.

मे-जूनपासून तिच्या तोंडून एकच शब्द ऐकू येऊ लागला, “आपल्यासारखंच.” हवा आपल्यासारखीच चिकट, घाम आपल्यासारखाच न सुकणारा. रॉली ३६ अंश अक्षांशाच्या जरा खाली, म्हणजे दापोलीच्या दुप्पट उत्तरेला, तरी जुलैतल्या दुपारी पारा सरासरी ३२ सेल्सिअसपर्यंत जातो. इथले टीव्हीवरचे हवामानवाले तापमानाइतकंच महत्त्व दवबिंदूला देतात, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाला. दवबिंदू २१ च्या वर गेला की चिकचिक, २४ गाठला की घालमेल. आईला दवबिंदू हा शब्द नवा, पण चीज जुनी. “मीठ पाझरायला लागलं की कळतं,” ती म्हणाली. तिचा बिंदू मिठाच्या बरणीत असतो.

या चिकचिकीचा कारखाना दूर समुद्रात आहे. उन्हाळ्यात अटलांटिकवर बर्म्युडाच्या बाजूला हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा ढिगारा बसतो आणि त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात. ते मेक्सिकोच्या आखातावरची आणि अटलांटिकची वाफ उचलून आमच्या अंगावर आणून टाकतात. दुपारी तीन-चारला ती वाफ आभाळात चढते, काळ्या माडीवर काळी माडी रचत जाते, आणि पाचच्या सुमारास धाडकन कोसळते. वीज, वारा, वीस मिनिटं तुफान, की पुन्हा ऊन. हा शुद्ध वळीव आहे. आपल्याकडे वळीव वैशाखात दोन-चारदा दर्शन देतो आणि मृगाच्या हवाली करून निघून जातो. इथे तो जून ते ऑगस्ट नोकरीला असल्यासारखा येतो. कधी आमच्या गल्लीत पडतो आणि चौकापलीकडच्या दुकानात जावं तर रस्ता खडखडीत. आमचे आजोबा म्हणायचे तसं, बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. अशा दिवशी चौकोनात काय लिहायचं यावरून आई आणि माझ्या लेकीचा वाद व्हायचा. आईने तोड काढली: अर्धा पा. म्हणजे नुसता ‘प’.

मृग लागलं त्या दिवशी तिने कालनिर्णय काढून नक्षत्राचं वाहन वाचलं. म्हैस, बेडूक, हत्ती असलं की आमच्याकडे आनंद. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. मघा आल्या तेव्हा ती म्हण तिने नातीला ऐकवली, मघा पडल्या तर माणसाला चुलीपुढेच काय काय उरकावं लागतं ती, आणि नातीने ती शाळेत कुणाला सांगितली नसेल अशी मी आजही आशा करते. पण ऑगस्टपर्यंत आईचा चेहरा जरा उतरला होता. मी विचारलं तर म्हणाली, “पाऊस आहे गं. पण लागत नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपल्याकडे पाऊस ‘पडतो’ ते वेगळं, पाऊस ‘लागतो’ ते वेगळं. लागलेला पाऊस म्हणजे झड. चार-चार दिवस सूर्य नाही, कपडे चुलीवरच्या दोरीवर, कौलांतून ठिबक, भांडी मांडलेली, आणि भात तरारून वर येणारा. दापोलीत वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वेक काउंटीत वर्षाला साधारण ११७० मिलिमीटर, म्हणजे पुणे शहरापेक्षा बराच जास्त, पण बारा महिन्यांत वाटून दिलेला. सगळ्यात कोरड्या महिन्यात सत्तरेक मिलिमीटर, सगळ्यात ओल्या महिन्यात सव्वाशे-एकशे तीस. पगारासारखा, दर महिन्याला. पुरवठादार तेवढे बदलतात: उन्हाळ्यात वळीव, शरदात समुद्रावरून आलेली वादळं, हिवाळ्यात आखाताकडून किनारा धरून वर सरकणारे कमी दाबाचे पट्टे. कोपेन नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने जगाच्या हवामानांना इंग्रजी अक्षरांच्या खुणा दिल्या. त्यात वेक काउंटीची खूण ‘सीएफए’, दमट उपोष्ण. यातला ‘एफ’ जर्मन ‘फॉइश्ट’वरून आला, म्हणजे ओला, कोरडा ऋतूच नाही अशा मुलुखासाठी. एका अक्षरात पावसाळा रद्द. कारण कोरडा ऋतू नसेल तर ओला ऋतू तरी कुठून असणार? वाट पाहण्याचे महिनेच नाहीत, मग छत्र्या दुरुस्त करणं नाही, पागोळ्या नाहीत, पहिल्या पावसाचा मातीचा वास नाही. वास येतो खरा, पण पहिला कुठला, हे ठरवायचं कसं?

अशा नेमाने येणाऱ्या पावसाने दांडी मारली की मात्र इथली माणसं भांबावतात. २००७ साली पाऊस रुसला आणि रॉलीला पाणी पुरवणारा फॉल्स लेक इतका आटला की अंगणातल्या हिरवळीला पाणी घालण्यावर निर्बंध आले. आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात त्याला कुणी दुष्काळ म्हणत नाही.

आणि आता ओलीबद्दल, कारण वेक काउंटीत राहून ओलीबद्दल न लिहिणं म्हणजे कोकणात राहून फणसाबद्दल न बोलणं. इथली पुष्कळ घरं जमिनीला टेकून नसतात. खाली दोन-तीन फुटांची पोकळी, जिला क्रॉल स्पेस म्हणतात. रांगतच जावं लागतं. खाली लाल चिकणमाती. रंग थेट आपल्या जांभ्याचा, लोहाचाच, पण स्वभाव उलटा. जांभ्यात पाणी मुरतं. ही माती पाणी धरून बसते. पोकळीला हवा खेळावी म्हणून भिंतीत झरोके असतात. आम्ही घर घेतलं तेव्हा तपासायला आलेल्या गृहस्थाने छातीठोकपणे सांगितलं, उन्हाळ्यात झरोके उघडे ठेवा, ओल निघून जाईल. आम्ही ठेवले. तीन उन्हाळे. चौथ्या वर्षी जमिनीच्या फळ्या मऊ लागायला लागल्या, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी, आणि खाली रांगत गेलेल्या दुसऱ्या माणसाने फोटो दाखवले ते पाहून रात्री झोप नाही. तुळयांवर कापूस पिंजून चिकटवल्यासारखी बुरशी. झालं होतं असं की बाहेरची गरम दमट हवा झरोक्यांतून आत शिरायची आणि तिथल्या एसीच्या थंडगार नळांना घाम फुटायचा. ओल बाहेर काढायला म्हणून ठेवलेल्या दारातून आम्ही तीन वर्षं ओलीलाच आवतण देत होतो. आईला हे समजावायला एक वाक्य पुरलं: ताकाचा थंड तांब्या ओट्यावर ठेवला की भोवती पाणी साचतं तसं. ती म्हणाली, “मग तांब्या झाकायचा ना.” झाकला. झरोके बंद, मातीवर जाड प्लास्टिक, आणि कोपऱ्यात डीह्युमिडिफायर, जो उन्हाळाभर दिवसाला बादलीभर पाणी हवेतून ओढून बाहेर सोडतो. खर्च झाला तो आकडा मी आईला अजून सांगितलेला नाही. तिला वाटतं जोतं चार पायऱ्या उंच घेतलं असतं तर भागलं असतं.

जुलैतल्या एका दुपारी दुकानाच्या पार्किंगमध्ये मी सामान भरत होते आणि आई गाडीत बसेना. वाहनतळाच्या मधल्या पट्ट्यात क्रेप मर्टलची झाडं फुललेली, गुलाबी-जांभळी. जुलैत वेक काउंटीत हे झाड नाही असा रस्ता सापडणार नाही. आई एका फांदीखाली उभी राहून चुरगळलेली पाकळी बोटांनी सरळ करत होती. मग खोडावरून हात फिरवला, गुळगुळीत, साल सोललेलं. “ही तामणीची बहीण आहे,” ती म्हणाली. मी हसले. घरी येऊन शोधलं तर दोघींचं कूळ एकच, लॅगरस्ट्रोमिया. ताम्हण, आपलं राज्यफूल, लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा. ही लॅगरस्ट्रोमिया इंडिका, जिच्या नावातच भारत. आईने कुठलंही पुस्तक न वाचता पाकळीच्या सुरकुत्यांवरून नातं लावलं होतं. बायका नव्या सुनेचं माहेर ओळखतात तसं.

सप्टेंबरात गणपती. त्या वर्षी चतुर्थी १३ तारखेला, आणि समुद्रातून फ्लॉरेन्स नावाचं हरिकेन नेमकं आमच्या राज्याकडे निघालेलं. इथल्या वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे गणपतीच्याच आगेमागे. दुकानांत पाणी, पाव, बॅटऱ्या संपलेल्या. मी नारळ आणि दूर्वांच्या शोधात, लोक पाण्याच्या बाटल्यांच्या. रांगेत माझ्या ट्रॉलीत पाच नारळ पाहून मागच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, आत पाणी असतं म्हणून का? मी हो म्हटलं. सोपं होतं.

शेजारच्या आजी संध्याकाळी कुंपणापाशी आल्या. वय ऐंशीच्या घरात. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही, मी मध्ये. त्या फ्रॅन नावाच्या जुन्या वादळाबद्दल सांगत होत्या. १९९६ च्या ५ सप्टेंबरच्या रात्री फ्रॅन किनाऱ्यावर धडकलं आणि इथपर्यंत आत आलं, किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर. समुद्र इतका लांब, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. पावसाने चिकणमाती लोण्यासारखी झाली आणि मोठमोठे ओक मुळांसकट आडवे झाले. कित्येक दिवस वीज नाही. “आमचे सात गेले,” आजी म्हणाल्या आणि बोटांनी सात दाखवले. ते मला भाषांतर करावं लागलं नाही. इथली जुनी माणसं काळही तसाच मोजतात, हे घर फ्रॅनच्या आधीचं, तो मुलगा फ्रॅननंतरचा; आमच्याकडे कोयनेच्या भूकंपाने मोजायचे तसं. आई मला म्हणाली, “सांग त्यांना, आमच्याकडे पाऊस हा एवढा, पण वादळ असं येत नाही. फयान तेवढं एक आठवतं.” मी सांगितलं. आजी म्हणाल्या, नशीबवान आहात.

दीड दिवसाच्या बाप्पाचं विसर्जन १४ तारखेला, शुक्रवारी. त्याच सकाळी फ्लॉरेन्स विल्मिंग्टनजवळ किनाऱ्यावर आलं. शाळा बंद, आभाळ करडं, पाइनचे शेंडे घुमू लागलेल्या बायकांसारखे डुलत होते. घरातच बादलीत विसर्जन केलं. लेकीने आरतीला मेणबत्तीवाला कंदील आणून ठेवला, वीज गेली तर म्हणून. गेली नाही. वादळाने दक्षिणेची वाट धरली आणि आम्ही वाचलो. विल्मिंग्टनला मात्र पुराने असं वेढलं की काही काळ रस्त्याने शहरात जाता येईना. आमच्या वाट्याला नुसता दोन-तीन दिवसांचा सलग, न थांबणारा पाऊस. शनिवारी सकाळी आई खिडकीपाशी चहाचा कप घेऊन बसली होती. “हा लागला,” ती म्हणाली. तिचा आवाज समाधानाचा होता आणि मला त्याची थोडी लाज वाटली, कारण टीव्हीवर तेव्हा छपरांवर अडकलेली माणसं दाखवत होते. त्या चौकोनात ‘पाऽऽ’ असं लिहिलंय.

हिवाळा तिने पाहिला नाही, ते बरंच. बर्फ इथे पाहुणा. पण पाहुण्यापेक्षा त्याची बातमी मोठी. दोन इंच पडणार म्हटलं की पाव-दूध गायब. २०१४ च्या १२ फेब्रुवारीला भर दुपारी बर्फ सुरू झाला आणि सगळी ऑफिसं एकदम सुटली. नेहमी वीस मिनिटांत कापते ते अंतर मला पाच तास लागले. रॉलीच्या ग्लेनवूड ॲव्हेन्यूवर बर्फात पेटलेल्या गाडीचा फोटो जगभर फिरला तो त्याच दिवशीचा. एरवी हिवाळ्याचं खरं दुखणं बर्फ नव्हे, गोठणारा पाऊस. पश्चिमेला ॲपलाचियन डोंगर. उत्तरेची थंड हवा त्यांना अडून पाचरीसारखी खाली घुसते आणि जमिनीलगत चिकटून बसते. वरून उबदार हवेतला पाऊस पडतो आणि फांदीला टेकताच काच होतो. रात्री अंथरुणात पडून पाइनच्या फांद्या कडाड मोडताना ऐकायच्या. त्या रात्री मला गावची आठवण येत नाही; गावी असं काही नाहीच.

आई गावी परतली. दोन वर्षांनी, २०२० च्या ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगड झोडपून गेलं. विमानं बंद, करोना, आणि गावचा फोन लागेना. वीज तर कित्येक गावांत आठवडे नव्हती. इथे बसून मी रडारवरची चित्रं बघत होते, तेच गोल फिरणारे रंग, आणि पहिल्यांदाच खालचा किनारा ओळखीचा होता. आठव्या दिवशी आईचा फोन लागला. घर उभं, पुढच्या पडवीची कौलं उडालेली. बाग गेली. ती रडली नाही. यादी सांगितली, जसा दुधाचा हिशेब सांगते. शेवटी म्हणाली, “त्या तुझ्या शेजारच्या आजींना सांग. आमच्याकडेही फ्रॅन येऊन गेला.”

मी संध्याकाळी कुंपणापाशी गेले. आजी मास्क लावून सहा फुटांवर उभ्या राहिल्या. मी सांगितलं. त्यांनी घर कसं आहे, माणसं कशी आहेत, काही विचारलं नाही. ते बरं असणार, नाहीतर मी अशी आले नसते, हे त्यांनी ओळखलं असावं.

“किती झाडं?”

“अकरा माड,” मी म्हटलं. “चाळीस पोफळी. आणि दारातला फणस.”